कागदाच्या बाजूचा माणूस

दीपाजी राण्यांवर माझा राग होता. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसावर राग धरणे हसण्यासारखे आहे, हे मला तेव्हाही कळत होते. पण गोव्यातल्या आमच्या साखळीकडे जमिनीचे राग आजोबांकडून नातवाकडे येतात. घर वाटले की भांडीकुंडी वाटली जातात. राग मात्र प्रत्येक भावाच्या वाट्याला पुराच्या पुरा येतो.

कारण 1855 चा समेट. 26 जानेवारी 1852 रोजी दीपाजींनी उठाव केला आणि सत्तरीतला नाणूसचा किल्ला घेतला. पुढे साडेतीन वर्षे पोर्तुगीज पलटणींना ते रानात पुरून उरले. करांचा बोजा, वतनांतली ढवळाढवळ, चालीरीतींवर निघणारे हुकूम अशी कारणे इतिहासाच्या पुस्तकांत दिलेली असतात. शेवटी सरकारनेच बोलणी लावली. दीपाजींना मानाची कप्तानी मिळाली, तलवार मिळाली, बंड मिटले. शाळेत मास्तरांनी आम्हाला हा विजय म्हणून शिकवला. घरी आजोबांचे गणित वेगळे होते. आमचे घराणे एका मोकासदाराचे, म्हणजे गावचा महसूल घेणाऱ्या सरदाराचे, कूळ. आजोबा म्हणायचे, ‘त्यांना तलवार मिळाली. आम्ही खंड भरत होतो, तो भरतच राहिलो.’ एवढे एकच वाक्य, पण माझ्या डोक्यात इतके घट्ट बसले की पुढे नाणूसला 26 जानेवारीला मानवंदना होते तिथे मी कधी गेलो नाही. झेंडावंदन आटोपून घरी येत असे.

मी तलाठी झालो, तेव्हा त्या रागाला सरकारी शिक्का मिळाला असे म्हणायला हरकत नाही. माझी नोकरी एक-चौदाच्या उताऱ्याभोवती फिरणारी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: तुमच्याकडे सात-बारा, आमच्याकडे एक-चौदा. जमीन कोणाच्या ताब्यात, कूळ कोण, पीक काय, इतर हक्क कोणाचे, सगळे त्यावर. 1968 च्या जमीन महसूल कायद्याने ही पद्धत आणली, मग गावोगाव मोजणी झाली आणि कागद तयार झाले. त्या कायद्याचे 105 वे कलम मला झोपेतही पाठ होते: उताऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. माझ्या दृष्टीने हे कलम म्हणजे गरिबाची तलवार होती. कप्तानाची नव्हे, कुळाची. राजेरजवाडे, देसाई, मोकासदार, भाटकार या सगळ्यांच्या तोंडी हक्कांना एका छापील तक्त्याने उत्तर दिले, असे मला मनापासून वाटे.

वाटायला आधारही होता. मुक्तीनंतर 1964 साली कूळ कायदा आला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाने ‘कसेल त्याची जमीन’ हे निवडणुकीतले वाक्य कायद्यात उतरवायला घेतले. 1975 मध्ये, दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्यांसाठी, मुंडकार कायदा झाला. 1976 मध्ये शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि शेत कसणारे कूळ मालक मानले गेले. आमच्या घरची भाताची खाचरे त्यातून आमच्या नावावर झाली. आजोबा तोवर राहिले नव्हते. वडिलांनी उतारा देवापुढे ठेवला होता, हे मला आठवते. ज्या माणसाच्या घरात कागद देवापुढे ठेवला गेला, तो कागदाच्या बाजूचा होणार नाही तर काय?

म्हणून डोंगरावरचे लोक काजूची बाग घेऊन माझ्याकडे आले की मी एकच विचारायचो, ‘कागद काय आहे?’ बहुतेकांकडे काही नसे. कोणी पोर्तुगीज काळातली जीर्ण पावती काढी, कोणी मात्रीजचा, म्हणजे जुन्या कर-नोंदवहीचा, तुकडा. मी उतारा पुढे सरकवायचो. कब्जेदाराच्या रकान्यात सरकारचे नाव. ‘जमीन सरकारची आहे,’ मी सांगायचो, आणि खरे सांगतो, मला वाईटही वाटत नसे. माणसे उद्धटपणे वागवणारा मी नव्हतो. खुर्ची द्यायचो, पाणी द्यायचो. फक्त माझ्या मनात शंका नव्हती.

शंका आली ती दुसऱ्याच दिशेने. 2022 साली गोव्यात जमीन बळकावण्याची प्रकरणे एकामागून एक बाहेर पडू लागली आणि सरकारने विशेष तपास पथक नेमले, पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही बसला. बार्देशातल्या परदेशी गेलेल्या, वारस नसलेल्या कुटुंबांची घरेदारे विकली गेली होती, आणि ती विकायला वापरले होते पोर्तुगीज काळातले म्हणून दाखवलेले बनावट दस्तऐवज. मी निवृत्त झालो होतो. वर्तमानपत्र वाचता वाचता माझ्या लक्षात आले की या चोरांचा धर्म माझाच होता. कागद असला की जमीन आपली, यावर त्यांची माझ्याइतकीच श्रद्धा होती. म्हणून तर त्यांनी कुंपण तोडले नाही, कागद केला.

त्याआधीच, जानेवारी 2021 मध्ये, शेळ-मेळावलीचे प्रकरण झाले होते. गुळेली पंचायतीतल्या त्या गावात आयआयटीसाठी सुमारे दहा लाख चौरस मीटर जमीन ठरली. उताऱ्यावर सरकारचे नाव. मोजणीला माणसे आली तेव्हा गावच्या बायका पुढे बसल्या, झटापट झाली, लोक आणि पोलीस दोघेही जखमी झाले. तेव्हा मी साखळीच्या बाजारात चहा पिता पिता म्हणालो होतो, ‘सरकारची जमीन सरकार घेतेय, यात बोंब मारण्यासारखे काय?’ शेजारी बसलेल्यांपैकी निम्म्यांनी माना डोलावल्या. मुख्यमंत्री आमच्याच मतदारसंघाचे, हेही त्यात असेल. मग त्याच महिन्याच्या मध्यावर त्याच मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प मेळावलीतून हलवत असल्याचे जाहीर केले, आणि मी बुचकळ्यात पडलो. कागद बदलला नव्हता. सरकारचे नाव होते तिथेच होते. मग काय बदलले होते?

माझी एक मावशी सत्तरीत दिली आहे. मेळावलीला नव्हे, पण तसल्याच डोंगरपायथ्याच्या गावात. पुढच्या मोसमात तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला काजूच्या बागेत नेले. वर चढत गेलो तशी जुनी कुमेरीची जागा लागली. पूर्वी रान तोडून, जाळून त्यात नाचणी पेरत, ती. दगडांची ताल अजून शाबूत होती. एका फणसाच्या बुंध्याला दोघांची कव पुरत नव्हती. त्याच्या खाली राखणदाराचा दगड, वर तेलाचा जाड थर. मावशीने विचारले, ‘तुजो कागद केन्नाचो?’ मी म्हटले, सत्तरच्या दशकातला. तिने फणसाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बोंडे वेचायला खाली वाकली. वाद घातला असता तर मी कलम 105 ऐकवले असते. तिने वाद घातलाच नाही.

आता मूळ भानगड सांगायला हवी, कारण ती गोव्याबाहेर कोणाला ठाऊक नसते आणि गोव्यातही बऱ्याच जणांना ती राण्यांच्या शौर्यकथेएवढीच ठाऊक असते. राणे स्वतःचे मूळ राजपुतान्यात सांगतात. म्हणजे तेही या मातीत बाहेरून आले, वसले, सत्तरीचे सरदेसाई झाले. वर सत्ता बदलत गेली, कधी आदिलशाही, कधी सावंतवाडीकर भोसले, आणि राण्यांकडे गावांचे मोकासे राहिले: लष्करी चाकरीच्या बदल्यात गावचा महसूल. 1781 ते 1788 या वर्षांत डिचोली, साखळी, सत्तरी आणि शेवटी पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. याच त्या नव्या काबिजादी. आता आधी वसलेला सरदार आणि नंतर आलेले सरकार यांच्यात प्रश्न उभा राहिला, तो अगदी साधा होता: मोकासा म्हणजे फक्त महसूल गोळा करण्याचा हक्क, की जमीनच मोकासदाराची? सरकार म्हणे पहिले, राणे म्हणत दुसरे. राण्यांच्या उठावांची मोजदाद लोक चौदापर्यंत नेतात. त्यातल्या बऱ्याच बंदुकांच्या आवाजाखाली हा प्रश्न ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे तो अजून संपलेला नाही. मोकासोच्या जमिनी कोणाच्या, यावर आजही गोव्यात फायली उघडतात.

आणि या दोघांच्या भांडणात ती जमीन खरोखर कसणारा माणूस कुठेच नव्हता. गावकर, वेळीप, गुरे राखणारे गवळी-धनगर, आमच्यासारखी कुळे. आजोबांचे वाक्य इथे बरोबरच होते. आजही मी ते खोडत नाही.

पेडण्यात जे घडले त्याच्याशी ताडून पाहिले की आजोबा अधिकच बरोबर वाटतात. तिथल्या देशप्रभू घराण्याने बंडाची वाट धरली नाही. त्यांना पोर्तुगालच्या राजाकडून व्हिस्काउंट हा किताब मिळाला. सत्तरीत तलवार, पेडण्यात किताब. कुळाच्या दृष्टीने फरक शून्य. मोपावर विमानतळ आला तेव्हा पठारावरच्या धनगर कुटुंबांना उठून दुसरीकडे जावे लागले. त्यांच्या बाजूने ना तलवार होती ना किताब.

मग माझे मत कुठे बदलले? समेटाबद्दल बदलले. मी तो विकलेपणाचा सौदा समजत होतो. आता मला तो जमिनीचा वाद मिटवण्याचा एक प्रयत्न दिसतो, अपुरा, एकाच वर्गापुरता, पण खरा. कारण त्यात एक गोष्ट झाली होती, जी माझ्या तीसेक वर्षांच्या नोकरीत मी एकदाही होताना पाहिली नाही. सत्तेने मान्य केले की आपल्या दप्तरात नसलेला हक्कसुद्धा हक्क असू शकतो. बंड चालू असतानाच, 1853 मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने नव्या काबिजादीतल्या लोकांच्या रूढी आणि रिवाजांची संहिता काढली. तिचा भर कुटुंब, वारसा, दत्तक अशा गोष्टींवर. पण नाणूसच्या रानात गोळ्या सुटत असताना पणजीत बसून कोणी लोकांचे रिवाज लिहून काढत असेल, तर त्याला उमगले होते की या मुलखावर नुसत्या हुकमाने राज्य चालणार नाही. हा माझा तर्क आहे. इतिहासकार वेगळे सांगत असतील तर मी ऐकेन.

पोर्तुगीज सरकार चांगले होते असे मी म्हणत नाही. त्याचा हात दुखला म्हणून ते बोलायला बसले. हात दुखला नसता तर बसले नसते, हे पुढच्या उठावांत दिसलेच. 1895 मध्ये मोझांबिकला जायला नकार देणारे मराठा शिपाई बंड करून सत्तरीत आले, दादा राण्यांनी त्यांना साथ दिली, तेव्हा लिस्बनहून थेट राजाचा भाऊ फौज घेऊन आला. माफी जाहीर झाली तरी दादा राण्यांच्या नशिबी तिमोरची हद्दपारी आली. 1912 चा शेवटचा उठावही दडपला गेला. म्हणजे 1855 हा नियम नव्हता, अपवाद होता. पण मी ज्या अपवादाचा तिरस्कार करत होतो, तोच या सगळ्या यादीत कामाचा निघाला.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली, आणि ती तलाठ्याला आधी दिसायला हवी होती. ज्या उताऱ्याला मी मुक्त गोव्याचा, कुळाचा कागद समजत होतो, त्यातला ‘सरकार’ हा रकाना आला कुठून? पोर्तुगीज सरकार पडीक जमीन आल्वारा देऊन वाटत असे. वर्षाला फोर भरा, ठरल्या मुदतीत लागवड करा, नाही केलीत तर जमीन राजाकडे परत. मूळ कल्पना पोर्तुगालच्याच 1375 च्या सेझमारिया कायद्यातली: जो पिकवत नाही, त्याची जमीन जाईल. तीच कल्पना ब्राझीलमध्येही गेली. तिच्या मुळाशी एक गृहीत आहे, की जिथे आमच्या वहीत नाव नाही ती जमीन राजाची. ऑस्ट्रेलियात हेच गृहीत दोनशे वर्षे चालले. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 1992 मध्ये माबो खटल्यात ते मोडले आणि म्हटले की गोरे येण्याआधी इथे माणसे होती, त्यांचे हक्क होते. आमच्याकडे 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज राज्य गेले. गृहीत राहिले. मोजणीत ज्या डोंगरावर कागद दिसला नाही तिथे आम्ही सरकार लिहिले. आम्ही म्हणजे माझ्या आधीचे आणि मग मीही. फेरफाराच्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत.

खाणींचे पाहा. पोर्तुगीजांनी डिचोलीच्या डोंगरांवर खाणींच्या सवलती दिल्या होत्या. 1987 मध्ये संसदेने त्या रद्द करून त्यांचे खाणपट्टे केले. तिथे जुन्या सत्तेचा कागद नव्या सत्तेने नुसता ओळखला नाही, नव्या नावाने पुढे चालवला. त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावर नाचणी पिकवणाऱ्याला मात्र आम्ही विचारले, कागद कुठाय?

माझ्या जुन्या खात्यातले मित्र हे ऐकून वैतागतात, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. ताबा हाच पुरावा मानला तर उद्या कोणीही पत्र्याची शेड ठोकून बसेल, म्हणतात. 2021 च्या जुलैमध्ये विधानसभेने भूमिपुत्र विधेयक घाईघाईत संमत केले होते: तीस वर्षे राहणाऱ्याला घर आणि अडीचशे चौरस मीटरपर्यंत जागा. केवढा गदारोळ झाला आठवा. शेवटी ते कायदा झालेच नाही, आणि मला वाटते बरेच झाले. तीस वर्षे घर बांधून राहणे आणि पाच पिढ्या डोंगर राखणे यांना एकाच फुटपट्टीने मोजू नये. या मुद्द्यावर मी अजूनही जुनाच तलाठी आहे. पुरावा हवाच. मला फक्त एवढे कळले आहे की पुरावा कागदाशिवायही असतो आणि तो तपासता येतो. ताल किती जुनी, झाड किती वर्षांचे, राखणदाराला नारळ कोण देतो, होळीला कोणाच्या वाड्याचा मान, पाण्याची पाळी कोणाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, आणि खोटे बोलणाऱ्याला गावात पाच मिनिटे टिकता येत नाही. बनावट दस्तऐवज तर वर्षानुवर्षे टिकले.

सगळ्यात मला चकित केले ते 2006 च्या वनहक्क कायद्याने. मी नोकरीत असताना तो आला, मी त्याच्या नियमावलीवरून नजर फिरवली आणि बाजूला ठेवली. गेल्या वर्षी ती पुन्हा काढून वाचली. पुराव्यांच्या यादीत घर, झोपडी, जमीन सपाट केल्याच्या आणि बांध घातल्याच्या खुणा आहेत. आणि त्याच यादीत, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्षही आहे. म्हणजे मावशीचा फणस आणि शेजारच्या म्हाताऱ्याचे बोलणे, दोन्ही भारताच्या कायद्यात पुरावा म्हणून बसतात. मी तेव्हा हे वाचून हसलो असणार. मला आठवत नाही, पण स्वतःला ओळखतो.

त्यात एक अडचण आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, त्या वनात राहत असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे 1930. सत्तरीतला बराचसा शेतकरी मराठा आणि गावकर आहे, त्यामुळे ही अट त्याला लागते. आणि 1930 साली इथे पोर्तुगीज राज्य होते, म्हणून साक्ष पोर्तुगीज राज्यातली हवी. ते पाहिलेले लोक आता नव्वदीच्या पुढे आहेत. म्हादईचे अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झाले, तिथे व्याघ्र प्रकल्प करा असा आदेश उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला, त्यावर पुढचे वाद दिल्लीत गेले. वाघाच्या बाजूनेही मी बोलेन, पण त्या आधी गावाची साक्ष लिहून घेतलेली असावी.

म्हणून सध्या माझे काम असे चालते. मावशीच्या गावात अजून चार-पाच माणसे आहेत ज्यांना त्या वेळचे आठवते किंवा ज्यांनी ते आपल्या आईबापांकडून नावनिशीसकट ऐकले आहे. मी वही घेऊन जातो. आजोबांच्या मोकासदाराच्या घराण्यातला एक जण, माझ्याच वयाचा, आता माझ्याबरोबर येतो. त्याच्याकडे जुने दप्तर आहे, पोर्तुगीज वाचता येते, आणि खंडाच्या वहीत कोणत्या वर्षी कोणाकडून किती नाचणी आली हे लिहिलेले आहे. खंड घेतल्याची त्याच्या घराण्याची वही हाच आता त्या कुळांच्या नातवंडांचा पुरावा होतो आहे. त्याला याची थोडी मौज वाटते, मला अधिक वाटते. पहिल्या दिवशी आम्ही दोघे बराच वेळ नुसत्या पावसाबद्दल बोललो.

माझा धाकटा भाऊ म्हणतो, लोकांचे अर्ज भरतोस, मग आपल्या घरच्या डोंगराचा का नाही? आपल्याकडे भाताची खाचरे कूळ कायद्याने आली. वरची काजू अजून सरकारच्या नावावर आहे. मी त्याला म्हटले, आपल्यासाठी साक्ष द्यायला दुसरा कोणीतरी लागेल, नियमात दावेदार सोडून असे लिहिले आहे. तो त्या मोकासदाराच्या वारसाचे नाव घेतो. मी अजून त्याला विचारलेले नाही. पुढच्या बुधवारी आम्ही दोघे वहीची उरलेली पाने वाचायला बसणार आहोत, त्यात आजोबांचे नाव कोणत्या वर्षी येते ते आधी पाहीन.